हृदयपंप बसवल्यानंतरचा रक्तस्राव: ड्रेन थांबला, पंपाचा प्रवाह घसरला

हृदयाच्या डाव्या बाजूला मदत करणारा पंप, म्हणजे एलव्हॅड, बसवलेल्या एका रुग्णाचे हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. या रुग्णाला दोनदा मोठा रक्तस्राव झाला. पहिला शस्त्रक्रियेच्या रात्री छातीत आणि दुसरा चौथ्या महिन्यात आतड्यात. दोन्हींची कारणे वेगळी होती, पण उशीर मात्र एकाच तऱ्हेने झाला. जे दिसत होते त्याचा दिलासा देणारा अर्थ आधीच हाताशी होता आणि तो खरा धरला गेला. म्हणून इथे उपचारांइतकीच जागा त्या त्या क्षणी कोणी काय मानले होते याला दिली आहे.

पार्श्वभूमी

रुग्ण ५२ वर्षांचे गृहस्थ, वजन ६२ किलो, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. घर मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी, पुण्यापासून गाडीने सहा तासांवर. नऊ वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली होती. त्यानंतर हृदय हळूहळू कमकुवत होत गेले आणि इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती रक्त बाहेर पडते तो आकडा, १५ टक्क्यांवर आले. वर्षभरात तीनदा दाखल व्हावे लागले आणि शेवटी हृदयाला जोर देणाऱ्या मिलरिनोनचे ठिबक सुटेना. हृदय प्रत्यारोपणाच्या यादीत नाव होते, पण ओ गटाच्या रुग्णाला फक्त ओ गटाचेच हृदय चालते, त्यामुळे प्रतीक्षा लांबते. मूत्रपिंडे आणि यकृत खालावू लागल्यावर प्रत्यारोपण होईपर्यंतचा आधार म्हणून हार्टमेट ३ या जातीचा एलव्हॅड बसवायचे ठरले.

दाखल करतानाचे आकडे असे होते: हिमोग्लोबिन १०.८, प्लेटलेट १ लाख ४२ हजार, क्रिएटिनिन १.६, बिलिरुबिन २.६, अल्ब्युमिन ३.०. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी चालू नसताना आयएनआर १.५ होता; रक्त गोठायला जास्त वेळ लागू लागला की हा आकडा चढतो. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा. हृदयाची उजवी बाजू थकली की रक्त मागे यकृतात तुंबते, आणि तुंबलेले यकृत गोठणघटक पुरेसे बनवत नाही. म्हणजे सुरी लागण्याआधीच हा रुग्ण रक्तस्रावाच्या दिशेने झुकलेला होता. सीव्हीपी, म्हणजे हृदयाकडे परतणाऱ्या मोठ्या शिरांतला दाब, १६ होता आणि फुप्फुसधमनीतला दाब ५०/२८. फुप्फुसधमनीतल्या या वरच्या आणि खालच्या दाबांतल्या फरकाला सीव्हीपीने भागले की उजव्या बाजूच्या ताकदीचा ढोबळ अंदाज येतो. इथे तो १.४ निघाला, म्हणजे कमीच.

शस्त्रक्रियेपूर्वी काय तोलले गेले

पहिला प्रश्न होता थांबायचे की लगेच शस्त्रक्रिया करायची. पाच दिवस थांबायचे ठरले. त्या काळात प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणारे क्लोपिडोग्रेल बंद केले. लघवी वाढवणाऱ्या औषधांच्या ठिबकाने सीव्हीपी १६ वरून ११ वर आणला. व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून तीन दिवस दिले, आणि आयएनआर १.३ वर आला. हे पाच दिवस सत्कारणी लागले यात शंका नाही.

दुसरा प्रश्न छाती कुठून उघडायची. आधी बायपास झालेल्या रुग्णात छातीचे मधले हाड पुन्हा कापायचे म्हणजे चिकटलेल्या थरांतून वाट काढणे आले. सोडवलेला प्रत्येक पृष्ठभाग नंतर पाझरतो. पर्याय होता डाव्या बरगड्यांमधून जाण्याचा. त्यात सोडवणूक कमी आणि पाझरही कमी. पण तिथून उजव्या बाजूला पोहोचणे अवघड असते, आणि या रुग्णाला उजव्या बाजूसाठीही तात्पुरता पंप लागेल अशी धास्ती होती. म्हणून मधल्या हाडाचाच मार्ग घेतला. हा निर्णय वादाचा ठरू शकतो, पण तो विचार करून घेतलेला होता.

तिसरा प्रश्न रक्ताचा. महिना सप्टेंबरचा, डेंग्यूची साथ ऐन भरात आणि शहरभर प्लेटलेटची ओढाताण. एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून यंत्राद्वारे काढलेल्या प्लेटलेट, ऐनवेळी मागून मिळत नाहीत. दात्याच्या तपासण्या आणि प्रत्यक्ष काढणे यात काही तास सहज जातात. म्हणून दोन दाते आधीच तपासून ठेवले होते. रुग्ण प्रत्यारोपणाच्या यादीत असल्याने सगळ्या तांबड्या पेशी पांढऱ्या पेशी गाळलेल्याच द्यायच्या, असे रक्तपेढीला लेखी कळवले होते. दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी शरीरात गेल्या की त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, आणि मग जुळणारे हृदय मिळणे आणखी अवघड होते.

शस्त्रक्रिया

सीटीवर हृदयाचा उजवा भाग छातीच्या हाडाला जवळजवळ टेकलेला दिसत होता, म्हणून बायपास यंत्र (हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे) तातडीने जोडता यावे यासाठी मांडीतील रक्तवाहिन्या आधीच उघडून ठेवल्या. रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड सुरुवातीपासून चालू होते. हृदयाच्या टोकाला पंपाची कडी टाक्यांनी बसवली आणि पंपातून निघणारी १४ मिलिमीटरची कृत्रिम नळी चढत्या महाधमनीला जोडली. बायपास यंत्राचा वेळ १४८ मिनिटे. ड्राइव्हलाइन, म्हणजे पंपाची वीजतार, पोटाच्या सरळ स्नायूतून बोगदा करून बाहेर काढली. हा बोगदा बायपासवर असताना केला गेला, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनचा पूर्ण डोस अंगात असताना. हे लक्षात ठेवावे, पुढे संदर्भ येणार आहे.

बायपासवरून उतरल्यावर हेपारिनचा परिणाम उतरवणारे प्रोटामाइन दिले आणि एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, १२८ सेकंदांवर आला. शिवणी कोरड्या होत्या, पण सोडवलेले पृष्ठभाग पाझरत होते. चार पिशव्या तांबड्या पेशी, चार एफएफपी (गोठवून साठवलेला प्लाझ्मा) आणि एक एसडीपी दिल्यावर पाझर कमी झाला. पंप मिनिटाला ५,२०० फेऱ्यांवर ४.१ लिटर रक्त देत होता. छाती बंद करायची, की आत पट्ट्या भरून एक-दोन दिवस उघडी ठेवायची, यावर चर्चा झाली. उघडी ठेवल्यास संसर्गाची भीती, आणि पंपाच्या रुग्णात वीजतारेपर्यंत पोहोचलेला संसर्ग सहसा पंप असेपर्यंत पाठ सोडत नाही. पाझर आटोक्यात आहे असे वाटल्याने छाती बंद केली. हृदयाभोवती दोन आणि डाव्या फुप्फुसाशेजारी एक असे तीन ड्रेन, म्हणजे साचणारे रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या, ठेवले.

पहिले सहा तास

रुग्ण रात्री दहा वाजता आयसीयूत आला. तापमान ३५.१ अंश, सरासरी रक्तदाब ७४, सीव्हीपी ११, पंपाचा प्रवाह ४.२ लिटर, लॅक्टेट (शरीराला रक्त अपुरे पडले की हे चढते) २.४. उजव्या बाजूला आधार म्हणून मिलरिनोन आणि श्वासातून नायट्रिक ऑक्साइड चालू होते.

पहिल्या तासात ड्रेनमधून २८० मिलिलिटर आले, दुसऱ्या तासात २४०. मध्यरात्रीच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन ७.९, प्लेटलेट ७८ हजार, फायब्रिनोजेन हा गोठणघटक १३८ आणि आयएनआर १.८ निघाले. आयनीकृत कॅल्शियम ०.९२ होते. रक्त कसे गोठते याचा आलेख काढणारी टीईजी चाचणी हेपारिन निष्प्रभ करणारे हेपारिनेज घालून आणि न घालता अशी दोनदा केली. दोन्ही आलेखांत स्पष्ट फरक होता, म्हणजे हेपारिनचा अंश अजून शिल्लक होता. प्रोटामाइन दिल्यानंतरही ऊतींमध्ये अडकून राहिलेले हेपारिन काही तासांनी परत रक्तात येते, आणि शस्त्रक्रियागृहातला एसीटी चांगला होता म्हणून ही शक्यता विसरली जाते. इथे ती विसरली गेली नाही.

उपचार पद्धतशीर झाले: प्रोटामाइन ५० मिलिग्रॅम सावकाश, क्रायो (फायब्रिनोजेन भरपूर असलेला रक्तघटक) दहा युनिट, राखून ठेवलेली दुसरी एसडीपी, दोन पिशव्या तांबड्या पेशी, कॅल्शियम आणि गरम हवेचे पांघरूण. रक्ताच्या पिशवीतले सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते आणि तुंबलेले यकृत सायट्रेट लवकर मोडू शकत नाही. कॅल्शियम आणि तापमान सावरल्याशिवाय महागडी गोठणद्रव्ये वाया जातात, हे अशा रात्री पुन्हा पुन्हा दिसते. आणखी एफएफपी द्यायची की पीसीसी, म्हणजे गोठणघटकांचे घट्ट केलेले मिश्रण, हाही प्रश्न आला. चार एफएफपी म्हणजे जवळजवळ लिटरभर द्रव, आणि तो थकलेल्या उजव्या बाजूवर पडतो. पीसीसी थोड्याशा द्रवात बसते, मात्र जास्त दिल्यास पंपात आणि नळीत गुठळीचा धोका असतो. म्हणून पीसीसीचा लहान डोस, १,००० युनिट, दिला. सक्रिय सातवा गोठणघटक सर्वांत शेवटी आणि शस्त्रक्रियेने सापडेल असा स्रोत नसेल तरच, असे ठरले.

तिसऱ्या तासात १९० आणि चौथ्या तासात १६० मिलिलिटर आले. रात्री दोन वाजता शल्यचिकित्सकांशी फोनवर बोलणे झाले. आकडा उतरत आहे, गोठणशक्ती सुधारली आहे, आणखी एक तास पाहू, असा निर्णय झाला. त्या क्षणी उपलब्ध माहितीवर तो चुकीचा म्हणता येणार नाही. उणीव एवढीच होती की त्या एका तासात काय झाले तर उघडायचे, हे ठरले नव्हते आणि कुठे लिहिलेही नव्हते.

पाचव्या तासात ड्रेनमधून ६० मिलिलिटर आले आणि सहाव्यात फक्त २०. नोंदवहीत ‘रक्तस्राव कमी होत आहे’ असे लिहिले गेले. तीन वाजता मुलालाही तेच सांगितले गेले.

चुकीच्या दिशेने गेलेला तास

त्याच वेळी बाकीचे आकडे वेगळे सांगत होते. तीन वाजता सीव्हीपी १४ आणि पंपाचा प्रवाह ३.६. साडेतीनला सीव्हीपी १७ आणि प्रवाह ३.०. पल्सॅटिलिटी इंडेक्स, म्हणजे पीआय, ३.४ वरून १.९ वर आला होता. पंपात किती रक्त येते आहे याचा अंदाज या आकड्यावरून येतो. तो घसरला की डावा कप्पा रिकामा राहतो आहे असे समजावे. रुग्ण कोरडा पडला असेल या समजुतीने २५० मिलिलिटर अल्ब्युमिन दिले. सीव्हीपी १९ झाला, प्रवाह हलला नाही.

पावणेचारला पंपाचा वेग ५,२०० वरून ५,५०० केला. काही क्षण प्रवाह ३.१ दिसला, मग पंप रिकाम्या कप्प्याची भिंतच ओढू लागला आणि यंत्राने आपणहून वेग खाली आणला. पंपापर्यंत रक्तच पोहोचत नसेल तर वेग वाढवून काही मिळत नाही. उलट हृदयाच्या दोन बाजूंमधला पडदा डावीकडे ओढला जातो आणि उजवी बाजू आणखी बिघडते.

पंपाच्या स्क्रीनवरचा प्रवाह मोजलेला नसतो. मोटरला लागणारी वीज, वेग आणि आपण भरलेला हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) यांवरून यंत्र तो काढते. इथे शस्त्रक्रियेपूर्वीचा ३३ हा आकडाच भरलेला होता, प्रत्यक्षात तो २४ झाला होता. त्यामुळे एका आकड्यापेक्षा त्याची घसरण महत्त्वाची, आणि रक्त दिल्यावर किंवा गेल्यावर हिमॅटोक्रिट बदलून भरायला हवा.

चार वाजून दहा मिनिटांनी प्रवाह २.५ च्या खाली गेला आणि कमी प्रवाहाचा इशारा वाजला. रक्तदाब ५८, लघवी तासाला १५ मिलिलिटर, लॅक्टेट ५.१. सीव्हीपी वर आणि प्रवाह खाली, या जोडीचे दोन मुख्य अर्थ होतात. एक, उजवी बाजू निकामी होत आहे. दुसरा, हृदयाभोवती रक्त साचून त्याला दाबत आहे, म्हणजे टॅम्पोनाड. शस्त्रक्रियेआधीपासून उजव्या बाजूचीच धास्ती असल्याने पहिला अर्थ चटकन पटला. अ‍ॅड्रिनालिन जोडले, मिलरिनोन वाढवले. छातीवरून इको केला, पण पट्ट्या, ड्रेन आणि हवेमुळे हृदय पाहायला जागाच मिळाली नाही. ‘मोठा साठा दिसत नाही’ असा अहवाल आला आणि तो ‘साठा नाही’ असा वाचला गेला. या दोन वाक्यांतला फरक या प्रकरणातला सर्वांत महाग फरक ठरला.

नेहमीच्या टॅम्पोनाडच्या खुणा इथे फसव्या असतात. पंपाच्या रुग्णाची नाडी मुळातच पुसट, त्यामुळे श्वासागणिक नाडी कमी-जास्त होण्याचे लक्षण शोधून उपयोग नाही. शिवाय शस्त्रक्रियेनंतर रक्त हृदयाभोवती सगळीकडे पसरत नाही. ते गोठते आणि एखाद्या कोपऱ्यात, बहुधा उजव्या वरच्या कप्प्याच्या बाजूला किंवा मागे, ढेकूळ होऊन बसते. तेवढी एक गाठ रक्ताची परतीची वाट बंद करायला पुरते.

पावणेपाचला भूलतज्ज्ञांनी अन्ननलिकेतून इको केला. उजव्या वरच्या कप्प्यामागे सुमारे साडेतीन सेंटिमीटरची गुठळी होती, तो कप्पा चपटा झाला होता आणि उजवा खालचा कप्पा लहान होता. निदान इथेच ठरले. उजवी बाजू निकामी झाली असती तर हा कप्पा फुगलेला दिसला असता.

पर्याय आणि पुन्हा उघडणे

सीटीचा विचार मागे पडला, कारण एवढ्या अस्थिर रुग्णाला हलवण्यात धोका होता आणि प्रश्नाचे उत्तर मिळालेच होते. सुईने रक्त काढणे निरुपयोगी होते, कारण गोठलेले रक्त सुईतून येत नाही. ड्रेन दाबून-पिळून पाहिले, हाती काही आले नाही. छाती पुन्हा उघडणे एवढाच मार्ग उरला.

संमतीच्या वेळी मुलाने विचारले, “डॉक्टर, तीन वाजता तर रक्त थांबलंय म्हणून सांगितलंत ना? मग आता परत ऑपरेशन कशाला?” प्रश्न रास्त होता. त्याला सांगितले गेले की बाहेर येणारे रक्त थांबले होते, आतले नाही. नळी गुठळीने तुंबली आणि रक्त हृदयाभोवती साचत राहिले. त्याने सही केली, पण पुढचे काही दिवस तो प्रत्येक आकडा स्वतः विचारून घेत होता, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण हक्क होता.

पाच चाळीसला छाती उघडली. सुमारे ७०० मिलिलिटर गुठळ्या निघाल्या. हृदयाभोवतीचे दोन्ही ड्रेन गुठळीने पूर्ण तुंबलेले होते. गुठळी काढताच प्रवाह ४.३ वर गेला, सीव्हीपी १० झाला आणि सरासरी रक्तदाब उसळून ११० वर पोहोचला. ही उसळी अपेक्षित असते. दाब टिकवण्यासाठी वाढवलेली औषधे एकाएकी जास्त होतात आणि ताज्या शिवणींवर ताण येतो. म्हणून गुठळी काढण्याआधी एकाचा हात त्या औषधांच्या पंपावर असावा लागतो. इथे भूलतज्ज्ञ तयार होते.

महाधमनीची शिवण आणि हृदयाच्या टोकाची कडी दोन्ही कोरड्या होत्या. रक्त येत होते वीजतारेच्या बोगद्यातून. पोटाच्या स्नायूतली एक छोटी धमनी वाहत होती आणि ते रक्त बोगद्यातून वर छातीत येत होते. ती बांधली. सोडवलेले पृष्ठभाग अजून पाझरत होते, म्हणून चार पट्ट्या भरून, त्यांची संख्या फळ्यावर आणि केसपेपरवर लिहून, छाती उघडी ठेवून वर पडदा लावला. पट्ट्या भरताना पंपाची नळी किंवा उजवी बाजू दाबली जात नाही ना, हे प्रवाहाच्या आकड्यावर नजर ठेवून पाहिले. ३८ तासांनी पट्ट्या काढून छाती बंद केली.

४८ तासांत एकूण ११ पिशव्या तांबड्या पेशी, आठ एफएफपी, तीन एसडीपी आणि २० युनिट क्रायो लागले. क्रिएटिनिन ३.४ वर गेले आणि पाच दिवस सतत डायलिसिस द्यावे लागले. सहाव्या दिवशी श्वासासाठी घातलेली नळी काढली.

रक्त पातळ करायला कधी सुरुवात

इथे दोन भीती समोरासमोर येतात. पंपात रक्त गोठले तर पंप बंद पडू शकतो किंवा पक्षाघात होऊ शकतो. घाईने हेपारिन सुरू केले तर पुन्हा छाती उघडावी लागते. हार्टमेट ३च्या बाबतीत तराजू थांबण्याकडे झुकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोमेंटम ३ चाचणीत दोन वर्षांत पंपात गुठळीचा संशय १.४ टक्के रुग्णांत आला. आधीच्या हार्टमेट २मध्ये तो १३.९ टक्के होता. चुंबकावर तरंगणारी चकती आणि रक्ताला जायला रुंद वाटा यामुळे हा फरक पडतो. म्हणजे दोन-चार दिवसांचा उशीर हा पंप बहुधा सोसतो.

छाती बंद झाल्यानंतर सलग २४ तास ड्रेन तासाला ५० मिलिलिटरच्या खाली राहिला, तेव्हाच, चौथ्या दिवशी, हेपारिन सुरू केले. सुरुवातीचा मोठा डोस टाळला आणि एपीटीटी, म्हणजे हेपारिनचा परिणाम मोजणारी चाचणी, ४५ ते ५० सेकंदांच्या आसपास ठेवला. सातव्या दिवशी वॉरफरिन सुरू झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अ‍ॅस्पिरिनही जोडले, जुनी बायपास असल्याने त्यावर कोणी प्रश्न केला नाही. चौतिसाव्या दिवशी रुग्ण घरी गेला.

चौथा महिना: काळी शौच

चौथ्या महिन्यात गावी जुलाब झाले. स्थानिक डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिले. जुलाब थांबले, पण आठवडाभरात शौच काळी होऊ लागली. घरच्यांना काळजी वाटली नाही. “रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळं काळी होते,” हे त्यांना माहीत होते, आणि ते खरेही असते. सहा दिवस असेच गेले. मग उठताना चक्कर येऊ लागली आणि पंपाचा कमी प्रवाहाचा इशारा दोनदा वाजला, तेव्हा फोन आला.

दाखल करताना हिमोग्लोबिन ६.१ होते, पंधरवड्यापूर्वी ९.८ होते. आयएनआर ४.६. मेट्रोनिडाझोल यकृतात वॉरफरिनचे विघटन अडवते, त्यामुळे त्याच डोसवर आयएनआर चढतो. डॉपलरने मोजलेला दाब ६८. पंपाच्या नोंदीत गेल्या चार दिवसांत पीआय घसरण्याच्या घटना ढिगाने होत्या. रुग्ण सहा दिवस थांबला, यंत्र चार दिवसांपासून नोंदवत होते. पण ती नोंद गावाकडे वाचणार कोण?

लोहाच्या गोळ्यांनी होणारी शौच काळपट-हिरवट आणि घट्ट असते. पचलेल्या रक्ताची शौच डांबरासारखी चिकट, पाण्याने सहज न जाणारी आणि उग्र वासाची असते. हा फरक सांगायला अर्धे मिनिट लागते. घरी जाताना तो सांगितला गेला नव्हता.

आयएनआर चढलेला नसतानाही या रुग्णांची आतडी रक्त का गाळतात, याची दोन कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पंपातून वेगाने जाताना फॉन विलेब्रांट घटकाचे मोठे रेणू उलगडतात आणि रक्तातले विकर त्यांना कापते. हेच मोठे रेणू प्लेटलेटना जखमेशी चिकटवतात. दुसरे, आतड्याच्या अस्तरात नाजूक, वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्या तयार होतात. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत आतड्यातून असा रक्तस्राव होतो हे १९५८ पासून ज्ञात आहे, हाइड सिंड्रोम या नावाने. फॉन विलेब्रांटची सविस्तर तपासणी इथे मागवली नाही. पंपाच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात ती बिघडलेली येते आणि उपचार बदलत नाही, त्यामुळे हा निर्णय योग्यच होता.

वॉरफरिन आणि अ‍ॅस्पिरिन थांबवले, व्हिटॅमिन के फक्त १ मिलिग्रॅम दिले. मोठा डोस दिला असता तर पुढचे कित्येक दिवस वॉरफरिन लागू पडले नसते. गाळलेल्या तांबड्या पेशींच्या दोन पिशव्या दिल्या. नेहमीच्या दुर्बिणीने जठर आणि ग्रहणी पाहिली, काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी लांब दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात नेली तेव्हा अशा वाकड्यातिकड्या वाहिन्यांचे दोन पाझरणारे पुंजके दिसले आणि ते आर्गॉन वायूच्या साहाय्याने जाळले. या रुग्णांत स्रोत बरेचदा इतक्याच अंतरावर असतो, म्हणून लांब दुर्बीण पहिल्याच दिवशी वापरली असती तर एक दिवस वाचला असता.

मग इकोखाली पंपाचा वेग ५,५०० वरून ५,२०० वर आणला. त्यामुळे महाधमनीची झडप दर दोन-तीन ठोक्यांना उघडू लागली आणि रक्तात थोडी नैसर्गिक लय आली. आतड्यातला रक्तस्राव आवरण्यासाठी दीर्घ परिणामाचे ऑक्ट्रिओटाइड २० मिलिग्रॅम दरमहा, असे तीन महिने दिले. थॅलिडोमाइडचाही विचार झाला होता, पण त्याने नसांना होणारी इजा आणि गुठळीचा धोका पाहता ते पुढच्या वेळेसाठी राखले. सातव्या दिवशी वॉरफरिन पुन्हा सुरू केले, लक्ष्य २.० ते २.५. अ‍ॅस्पिरिन कायमचे बंद केले. त्यानंतर, नोव्हेंबर २०२३ मध्ये, अ‍ॅरीज चाचणीचे निष्कर्ष आले. अ‍ॅस्पिरिनची ठोस गरज नसलेल्या, हार्टमेट ३ बसवलेल्या सहाशेहून अधिक रुग्णांत ते वगळल्यावर रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला आणि गुठळ्यांच्या घटना वाढल्या नाहीत.

परिणाम

पुढच्या आठ महिन्यांत पुन्हा रक्तस्राव झाला नाही. हिमोग्लोबिन ११.५ च्या आसपास स्थिरावले, क्रिएटिनिन १.५ वर परतले. किंमत मात्र मोजावी लागली. एवढ्या पिशव्या गाळलेल्या असूनही रक्तात प्रतिपिंडे दिसू लागली, जी शस्त्रक्रियेपूर्वी नव्हती. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव कायम आहे, पण जुळणाऱ्या दात्यांचा पल्ला अरुंद झाला आहे.

काय वेगळे करता येईल

वीजतारेचा बोगदा हेपारिन देण्याआधी करावा, हा सर्वांत साधा बदल. तेव्हा सुटलेली धमनी लगेच दिसते आणि लगेच बांधता येते. त्या पथकाने क्रम बदलला आहे.

छाती बंद करतानाच उघडी ठेवायला हवी होती का? जुन्या बायपासनंतर दुसऱ्यांदा उघडलेली छाती, आधीच वाढलेला आयएनआर, दोन तासांहून लांब बायपास आणि बंद करताना चालू असलेला पाझर हे चारही एकत्र असताना आमचे मत उघडी ठेवण्याकडे झुकते. संसर्गाचा युक्तिवाद खरा आहे, पण घाईने बंद करून पुन्हा उघडलेली छाती संसर्गाच्या बाबतीत ठरवून उघडी ठेवलेल्या छातीपेक्षा सरस नसते. मात्र यावर दुमत असू शकते, आणि या रुग्णात ती धमनी तशीच वाहत राहिली असती; फक्त रक्त साचले नसते.

उघडण्याच्या अटी रुग्ण आयसीयूत येतानाच लिहून ठेवाव्यात, आणि त्या फक्त ड्रेनच्या आकड्यावर बेतू नयेत. आता तिथे पलंगाशेजारी असा तक्ता असतो: सलग दोन तास २०० मिलिलिटरपेक्षा जास्त आले, किंवा ड्रेन एकदम निम्म्याहून कमी झाला असताना सीव्हीपी ४ ने वाढला आणि प्रवाह अर्ध्या लिटरने घसरला, की शल्यचिकित्सकाने पलंगापाशी यायचे आणि अर्ध्या तासात अन्ननलिकेतून इको करायचा. या रुग्णात पहिली अट मध्यरात्रीच पूर्ण झाली होती; दुसरी तीनच्या सुमारास पूर्ण होऊ लागली होती आणि साडेतीनला निर्विवाद होती. छाती उघडली पाच चाळीसला. मूत्रपिंडांना बसलेला फटका बहुधा याच दोन तासांतला. छातीवरून केलेल्या इकोच्या अहवालात ‘साठा दिसत नाही’ आणि ‘नीट पाहता आले नाही’ यांतले नेमके काय ते निवडणे सक्तीचे केले आहे.

घरच्यांशी बोलताना ‘रक्त थांबले’ हे शब्द पहिल्या २४ तासांत वापरायचे नाहीत. ड्रेनचा आकडा सांगायचा, पंपाचा प्रवाह सांगायचा आणि पुढे कशावर लक्ष आहे तेही सांगायचे.

घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आता मराठीत छापलेले एक कार्ड मिळते. एका बाजूला दोन प्रकारच्या काळ्या शौचेचा फरक आणि चक्कर, दम, कमी प्रवाहाचा इशारा यांपैकी काहीही झाल्यास कुठल्या नंबरवर रात्री-अपरात्री फोन करायचा ते. दुसरी बाजू गावातल्या डॉक्टरांसाठी आहे: मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, कोट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल यांपैकी काही द्यावे लागले तर चौथ्या दिवशी आयएनआर तपासा, डायक्लोफेनॅक आणि तत्सम वेदनाशामके देऊ नका, पॅरासिटामॉल द्या, स्नायूत इंजेक्शन टाळा. आयएनआर दर वेळी एकाच प्रयोगशाळेत करायचा, आणि अहवालाचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा. काळी शौच झाल्यास गोळ्यांचे कारण मनात न धरता त्याच दिवशी तालुक्याला हिमोग्लोबिन करून घ्यायचे.